वाडा ठेवायचा की पाडायचा? आधी पाणी थांबवा, मग ठरवा

कोल्हापुरात जुनं घर पाडायचा निर्णय बहुतेक वेळा जुलै-ऑगस्टमध्ये होतो. माडी गळत असते, सोप्याच्या (पुढच्या पडवीच्या) भिंतीला कमरेपर्यंत ओल चढलेली असते, शेजारच्या गल्लीत कुणाची तरी भिंत खचल्याची बातमी आलेली असते. जुनं घर या दिवसांत सगळ्यात वाईट दिसतं आणि खरी अवस्था तपासायलाही हेच दिवस सगळ्यात गैरसोयीचे. ओली माती मऊ लागते, ओलं लाकूड ठोकलं तर बद्द वाजतं, आणि फुगलेलं प्लास्टर खालची भिंत दिसू देत नाही.

म्हणून आमचं म्हणणं थोडक्यात असं. घर उद्या कोसळेल अशी स्थिती नसेल तर पहिला खर्च पाणी अडवण्यावर करा, एक पावसाळा आणि एक उन्हाळा घराकडे लक्ष ठेवा, आणि मग ठरवा. ठरवतानाही अख्ख्या घराचा एकच निकाल लावू नका, खणाखणाचा वेगळा लावा; खण म्हणजे खांबांच्या दोन ओळींमधला घराचा भाग. पुढचे तीन खण ठणठणीत आणि मागचे दोन कामातून गेलेले, अशी घरं पेठांमध्ये भरपूर आहेत.

घर कशावर उभं आहे?

शिवाजी पेठ, मंगळवार पेठ, शुक्रवार पेठ, उत्तरेश्वर या भागांतली जुनी घरं साधारण एकाच रीतीची. खाली काळ्या दगडाचं जोतं. त्यावर मातीत किंवा चुन्यात रचलेला दगड, भाजकी वीट, नाहीतर पांढऱ्या मातीची कच्ची वीट. आत तळखड्यावर, म्हणजे खांबाखालच्या दगडावर, उभे सागवानी खांब, त्यांवर तुळई म्हणजे मुख्य आडवं लाकूड, तुळईवर कड्या म्हणजे बारीक आडवी लाकडं आणि पाट म्हणजे फळ्या, आणि वर कौलं.

पहिला प्रश्न हा की वजन कोण पेलतंय, भिंत की लाकूड? काही घरांत खांब भिंतीच्या आतही दडवलेले असतात. छताचा भार लाकडी सांगाडा घेतो आणि भिंत फक्त आडोसा देते. अशा घरात एखादी भिंत पूर्ण खराब झाली तरी छताला टेकू देऊन ती उतरवून पुन्हा रचता येते. जिथे तुळई थेट भिंतीवर टेकलेली आहे तिथे मात्र भिंत गेली की छत गेलं. हे कळायला तुळईच्या टोकाखाली हातभर प्लास्टर खरवडून बघायचं. आत खांब आहे की नाही ते लगेच दिसतं. बघायला आलेल्या माणसाने हे न करताच घर पाडायचा सल्ला दिला, तर दुसऱ्या माणसाला बोलवा.

पाणी येतं कुठून?

वरून येणारं पाणी सोपं. मे महिन्यात शाकारणी करायची, फुटकी कौलं बदलायची, कुजलेल्या रिपा काढायच्या, दोन उतार मिळतात तिथली पन्हळ पत्र्याची नवी करायची. माणसं हे दरवर्षी करत होती तोवर घरं टिकली. घराला सहा वारस झाले, शाकारणीचे पैसे कुणी द्यायचे यावर एकमत होईना, तिथून गळती सुरू झाली. बऱ्याच वाड्यांचा खरा आजार हाच असतो.

खालून येणाऱ्या पाण्याकडे मात्र कुणी बघत नाही. गल्लीतला रस्ता दर खेपेला आधीच्या थरावरच डांबर टाकून केला जातो. पूर्वी दोन फूट उंच असलेलं जोतं आज चार-सहा इंच उरलेलं असतं, काही ठिकाणी सोपा रस्त्याच्या खाली गेलेला असतो. गल्लीतलं पाणी सरळ जोत्यात मुरतं आणि मातीच्या भिंतीतून तीन-चार फुटांपर्यंत वर चढतं. त्यात माजघराच्या कोपऱ्यात नंतर बांधलेली मोरी किंवा संडास असतो, त्याचा फुटका पाइप वर्षानुवर्षं झिरपत राहतो. शेजारी चार मजली इमारत उठली असेल तर तिच्या गच्चीचं पाणी तुमच्या कौलांवर पडतंय का, तेही एकदा भर पावसात उभं राहून बघा.

यावर लोक सगळ्यात आधी जो उपाय करतात तो सगळ्यात घातक. भिंतीला सिमेंटचं प्लास्टर मारतात. माती आणि चुना ओल शोषतात आणि हवेत सोडतातही. सिमेंटचा थर बाहेर पडायची वाट बंद करतो, त्यामुळे ओल आत कोंडून आणखी वर चढते. वरून भिंत गुळगुळीत दिसते आणि आतली माती चिखलासारखी होत जाते. दोन-चार वर्षांनी प्लास्टर पापडासारखं सुटतं तेव्हा त्याच्याबरोबर भिंतीचा दोन इंचांचा पापुद्रा निघून येतो.

करायचं ते असं. जमिनीपासून चार फुटांपर्यंतचं सिमेंट प्लास्टर दोन्ही बाजूंनी काढून टाकायचं. ते हातोडा-छिन्नीने हळू काढायचं, कारण फोडायच्या यंत्राच्या धक्क्याने मातीचे सांधे सुटतात. गळके पाइप भिंतीतून काढून बाहेरून न्यायचे. घराच्या कडेने उताराची गटार करायची. भिंत उघडीच ठेवून वाळू द्यायची. जाड भिंत वाळायला उघड्या बाजूला इंचाला साधारण एक महिना धरतात. म्हणजे १८ इंची भिंत दोन्हीकडून उघडी असेल तर नऊ महिने. त्यानंतर चुन्याचं प्लास्टर: भिजवून मुरवलेला चुना एक भाग, वाळू अडीच ते तीन भाग, जमल्यास थोडी विटांची भुकटी. थर पातळ द्यायचे आणि प्रत्येक थर काही दिवस ओला ठेवायचा. जुने गवंडी चुन्यात गूळ आणि हिरड्याचं पाणी घालत. गूळ आपल्याकडे घरचाच, पण प्रमाण माहीत असलेला गवंडी नसेल तर साधा चुना-वाळूचा गिलावा पुरे.

वर्षभरात काय मोजायचं?

तडे रुंदीवरून आणि दिशेवरून वाचायचे. पाच मिलिमीटरपर्यंतचे तडे सहसा दुरुस्तीचे असतात. पंधरा मिलिमीटरच्या पुढे इंजिनिअरला ताबडतोब दाखवायचं. खिडकीच्या कोपऱ्यातून पायऱ्यापायऱ्यांनी तिरका गेलेला तडा पाया एका बाजूला खचल्याचं सांगतो. दोन भिंतींच्या कोपऱ्यात उभा, वर रुंद आणि खाली निमुळता तडा असेल तर भिंती एकमेकींपासून सुटत आहेत. तडा जुना आणि थांबलेला आहे की चालू आहे, हे कळायला प्लास्टर काढून त्याच्यावर आडवी काचेची पातळ पट्टी दोन्ही टोकांना प्लास्टर ऑफ पॅरिसने चिकटवायची आणि शेजारी तारीख लिहायची. भिंत हलली की काच तडकते. पन्नास वर्षांपूर्वी पडून तिथेच थांबलेल्या तड्यासाठी घर पाडणं म्हणजे चांगलं घर वाया घालवणं.

भिंतीला ओळंबा लावा. १८ इंची भिंतीचं पोट तीन इंचांपेक्षा जास्त सुटलं असेल तर ती धोक्याची. दगडी भिंतीत याचं एक खास कारण असतं. जाड दगडी भिंत ही खरं तर दोन भिंती असते: बाहेरचा थर, आतला थर आणि मधे माती-खडीची भर. दोन्ही थरांना बांधणारे आरपार दगड नसतील तर भर ओली होऊन खाली बसते आणि थर एकमेकांपासून सुटून फुगतात. १९९३ च्या किल्लारी भूकंपात मराठवाड्यातली दगड-मातीची घरं मोठ्या संख्येने याच दोषामुळे कोसळली. कोल्हापूरला १९६७ चा कोयनेचा धक्का माहीत आहे, त्यामुळे ही गोष्ट इथेही हलक्यात घेऊ नये. पोट थोडंच सुटलं असेल तर उपाय आहे. साधारण एकेक मीटरवर, वरच्या ओळीशी अर्धा मीटर सरकवून, भिंतीत तीन इंची भोक काळजीपूर्वक करायचं, आत दोन्ही टोकांना वाकवलेली सळई ठेवून काँक्रीट भरायचं. दोन्ही थर पुन्हा एकत्र काम करू लागतात. भोकं पाडायलाही हातोडी आणि पहारच वापरायची, धक्क्याचं यंत्र नको.

लाकडाची तपासणी बहुतेकांची चुकते, कारण ते मधोमध बघतात. तुळई कुजते ती भिंतीत शिरलेल्या शेवटच्या फूटभरात, आणि खांब तळखड्यावर टेकलेल्या टोकाला. तिथे स्क्रू ड्रायव्हर टोचून बघा, हातोडीने वाजवा. खणखणीत आवाज आला तर आत लाकूड आहे. सागाचं बाहेरचं फिकट लाकूड वाळवी खाते, आतल्या गडद लाकडाला सहसा सोडते. म्हणून वरवर भयंकर दिसणारा खांब तासला तर आतून शाबूत निघू शकतो. किती उरलंय हे मात्र मोजायचंच. सहा बाय नऊ इंचाची तुळई चारही बाजूंनी अर्धा इंच गेली तर पाच बाय आठ उरते. दिसायला फरक थोडा, पण वाकण्याविरुद्धची ताकद साधारण एक तृतीयांशाने कमी झालेली असते. बारा फुटी तुळई मधोमध अर्ध्या-पाऊण इंचापेक्षा जास्त झुकली आहे का, हे लेव्हल पाइपने किंवा ताणलेल्या दोरीने बघता येतं.

खांबाचं फक्त खालचं टोक कुजलं असेल तर तुळईखाली टेकू देऊन तेवढं टोक कापायचं आणि उंच तळखडा बसवायचा. तुळईचं टोक गेलं असेल तर बाजूंनी लोखंडी पट्ट्या बोल्टने आवळून किंवा खाली नवा खांब देऊन भागतं. मुख्य खांब-तुळयांपैकी निम्म्यांहून जास्त अशा असतील तर तो खण उतरवायचा विचार करा. वाळवीचं औषध नुसतं लाकडावर मारून उपयोग नाही, ती जमिनीतून येते. फरशी आणि भिंतीच्या सांध्यालगत फुटाफुटावर १२ मिलिमीटरची भोकं पाडून प्रत्येकात लिटरभर द्रावण मुरवावं लागतं. घरात आड (विहीर) असेल तर औषध मारणाऱ्याला तो आधी दाखवा.

जुन्या वायरिंगलाही याच वर्षात हात घाला. ऑगस्ट २०२४ मध्ये केशवराव भोसले नाट्यगृह एका रात्रीत जळालं. जुन्या लाकडी छतापर्यंत आग पोहोचली की काय होतं ते साऱ्या शहराने पाहिलं. कडीपाटाला खिळे मारून नेलेल्या उघड्या वायरी काढून सगळं पाइपमधून घ्या आणि गळती ओळखून वीज तोडणारा ब्रेकर बसवा.

थांबायचं नाही अशी लक्षणं

दरवाजे गेल्या महिनाभरात अचानक घट्ट झाले, काचपट्टी आठवड्यात तडकली, भिंतीतून माती सुटून रोज खाली पडते, तुळई भिंतीतून बाहेर सरकल्याची ताजी खूण दिसते, किंवा मातीची भिंत पुराच्या पाण्यात दोन-तीन दिवस उभी होती. यातलं काही असेल तर माणसं बाहेर काढा, छताला टेकू द्या, बाकीचं नंतर.

पुराबद्दल थोडं सविस्तर सांगणं भाग आहे. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. २०१९ आणि २०२१ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. मातीची भिंत पुष्कळदा पाणी चढताना पडत नाही, उतरल्यावर पडते. घरात आणि बाहेर पाणी असतं तोवर दोन्हीकडचा दाब सारखा असतो. पाणी ओसरलं की आधार जातो, आणि भिंत पाणी पिऊन जड आणि मऊ झालेली असते. ऊन पडल्यावर लोक घर धुवायला आत जातात, नेमकी तीच वेळ वाईट. आधी बाहेरून भिंती बघा, टेकू लावा, मग आत जा. जाळ करून किंवा हीटर लावून भिंत घाईने वाळवू नका. बाहेरचा थर आकसून तडकतो आणि आत ओल तशीच राहते.

दर काही वर्षांनी पुरात जाणारं मातीचं घर ठेवा असं आम्ही सांगणार नाही. तिथे निदान खालचा मजला दगड किंवा पक्की वीट आणि चुन्यात नव्याने बांधायला हवा. पण पाडण्याआधी पूररेषा बघा. निळी रेषा म्हणजे २५ वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बांधकामावर कडक बंधनं आहेत आणि दोन्ही रेषांच्या मधेही जोत्याच्या उंचीची अट असते. आज उभं असलेलं घर पाडल्यावर तिथे काय आणि किती बांधता येईल, हे महापालिकेच्या नगररचना विभागातून लेखी घेतल्याशिवाय एक वीटही काढू नका.

जुन्या भिंतीवर नवा स्लॅब

हा निर्णय न ठेवण्याचा, न पाडण्याचा, आणि आमच्या मते सगळ्यात वाईट. मंगलोरी कौल साधारण अडीच किलोचं, चौरस मीटरला पंधराएक कौलं लागतात. रिपा-वाशांसकट दहा बाय दहाच्या खोलीवर सहाशे किलोच्या आसपास भार येतो. त्याच खोलीवर पाच इंची स्लॅब टाकला की नुसत्या काँक्रीटचे जवळपास तीन टन. वर हजार लिटरची टाकी म्हणजे आणखी एक टन. मातीच्या भिंतीने हे कधी पेललेलं नसतं. काही वर्षं ती तग धरते, म्हणून शेजारीही तसंच करतात. दुकानासाठी पुढची भिंत काढून शटर बसवणं हाही याच जातीचा प्रकार.

१९६० ते ८० च्या दरम्यान विटांच्या भिंतींवर स्लॅब टाकलेली घरं वेगळी तपासावी लागतात. त्यांत सळई गंजते आणि फुगून काँक्रीटचे पोपडे पाडते. काँक्रीटचा ताजा तुटका भाग घेऊन त्यावर फिनॉल्फ्थॅलीन मारतात. गुलाबी झालं तर तिथे सळईला अजून संरक्षण आहे, रंग आला नाही तर संपलंय.

कागदपत्रं

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६४ खाली धोकादायक बांधकामाची नोटीस येते. ती आली म्हणजे पाडण्याचाच हुकूम असं लोक समजतात. कलमात दुरुस्ती करणं आणि आधार देणं हेही आहे, त्यामुळे नोटिशीत नेमकं काय लिहिलंय ते वाचा. ३० वर्षांवरच्या इमारतींची तपासणी नोंदणीकृत स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून करून घेण्याची तरतूद कलम २६५-अ मध्ये आहे. अहवालात चार वर्ग येतात: सी-१ म्हणजे तातडीने रिकामी करून पाडायची, सी-२ए म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती, सी-२बी म्हणजे राहत्या घरात दुरुस्ती, सी-३ म्हणजे किरकोळ. काँक्रीटचीच सवय असलेल्या इंजिनिअरला माती-लाकडाचा अंदाज नसतो आणि तो सावधपणे सी-१ लिहून मोकळा होतो. त्याला आधी विचारा की त्याने कडीपाटाची किती घरं दुरुस्त केली आहेत, आणि त्यातलं एखादं बघून या.

घर वारसा यादीत आहे का, भाडेकरू आहेत का, रस्तारेषा (रस्त्याच्या रुंदीसाठी आखलेली हद्द) कुठून जाते, हे तिन्ही प्रश्न पाडण्याच्या बाजूचं गणित बदलतात. भाडेकरूंचे हक्क भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ प्रमाणे घर पाडल्याने संपत नाहीत. अरुंद गल्लीतलं घर पाडलं की नवं बांधकाम रस्तारेषेच्या मागे जातं, आणि बारा फुटी रुंदीच्या जागेत जिना, पार्किंग, मोकळी जागा वजा केल्यावर हातात किती उरतं ते आधी कागदावर काढा. पन्हाळ्यावर घर असेल तर आणखी एक गोष्ट. केंद्राच्या संरक्षित स्मारकापासून १०० मीटरच्या आत नवं बांधकाम होत नाही आणि दुरुस्तीलाही परवानगी लागते, म्हणून तिथे पाडलेलं घर परत उभं राहीलच असं धरून चालू नका.

हे सगळं करण्याआधी मालमत्ता पत्रकावर नावं कुणाची आहेत ते बघा. वारस नोंद झाली नसेल तर पाडणंही अडतं आणि दुरुस्तीही. दोन्ही खर्चांची तुलना करताना पाडण्याच्या बाजूला राडारोडा, परवानगी शुल्क आणि दीड-दोन वर्षांचं घरभाडं धरा. दुरुस्तीच्या बाजूला अंदाजाच्या वर किमान वीस टक्के ठेवा, कारण पाट उघडल्यावर काहीतरी निघतंच.

अर्धं ठेवणं

पेठेतल्या लांबट घराला हा मार्ग पुष्कळदा बसतो. गल्लीकडचा सोपा, माडी आणि चौक दुरुस्त करून ठेवायचा, परसाकडचे खराब खण उतरवून तिथे स्वतःच्या खांबांवर उभं आरसीसी बांधकाम करायचं. नव्या-जुन्याच्या मधे दोनेक इंचाची फट ठेवायची आणि ती वरून पत्र्याने झाकायची. नव्याचं काहीही जुन्या भिंतीवर टेकवायचं नाही, कारण दोन्ही वेगवेगळी खचतात आणि वेगवेगळी हलतात. स्वयंपाकघर, न्हाणी, संडास, टाकी, सगळं पाणी नव्या भागात. जुन्या भागात पाण्याचा एकही पाइप राहिला नाही की त्याचा निम्मा त्रास संपतो.

पाडायचंच ठरलं तर

ठेकेदाराला लाकडासकट घर अंगावर देण्याआधी साग मोजा. आठ बाय आठ इंची, दहा फुटी खांब म्हणजे साडेचार घनफुटांच्या जवळ. सहा बाय नऊची बारा फुटी तुळई बरोबर साडेचार. तीन बाय चारच्या आठ फुटी डझनभर कड्या म्हणजे आठ घनफूट. पाच खणांच्या घरात हे किती होतं ते लिहून काढा, जुन्या सागाचा दर दोन ठिकाणी विचारा, आणि मगच ठेकेदाराशी बोला. चौकटी, दिंडी दरवाजा, खांब यांना पत्र्याचे नंबर लावून फोटो घ्या. जोत्याचे घडीव काळे दगड राडारोड्यात जाऊ देऊ नका, नव्या जोत्याला तेच वापरता येतात.

सामाईक भिंत असेल तर शेजाऱ्यासमोर त्याच्या घरातल्या सगळ्या तड्यांचे तारखेसह फोटो काढून दोघांच्या सह्या घ्या. काम वरून खाली: कौलं, वासे, पाट, कड्या, तुळया, मग भिंत फूट-दोन फूट करत. भिंत ढकलून पाडायची नाही आणि जेसीबी सामाईक भिंतीजवळ आणायचा नाही. तुमचं छत निघालं की शेजाऱ्याच्या भिंतीचा एका बाजूचा आधार जातो, म्हणून प्रत्येक मजल्याच्या पातळीला आडवे टेकू आधी लावायचे. नवा पाया खोदताना त्या भिंतीलगत सलग चर काढू नका. चार-पाच फुटांचा एक टप्पा खोदायचा, भरायचा, मग एक टप्पा सोडून पुढचा. आणि हे काम ऑक्टोबर ते मे या महिन्यांतच उरकायचं.